कोडं आणि कथा एकत्र : वेन्बा

काहींचं म्हणणं असतं की कथाप्रधान व्हिडिओ गेममध्ये खेळण्यासारखं काही नसतं, नुसतं वाचत बटणं दाबायची. त्यांनी 'वेन्बा' जरूर खेळून बघावा. टोरांटोच्या विसाई गेम्स या छोट्या स्टुडिओने २०२३ मध्ये आणलेला हा स्वयंपाकाच्या कोड्यांचा गेम दीड-दोन तासांत संपतो.

१९८० च्या दशकात कॅनडात आलेलं तमिळ जोडपं, वेन्बा आणि पावलन, आणि तिथेच वाढणारा त्यांचा मुलगा कविन. वेन्बाकडे आईची पाककृतींची वही आहे, पण ती फाटलीय, अक्षरं पुसलीयत. गाळलेली पायरी आपण डोकं लढवून शोधायची. इडलीचाच प्रसंग घ्या: पात्रातल्या ताटल्या अशा रचायच्या की खालच्या ताटलीची भोकं वरच्या इडल्यांखाली येतील, म्हणजे वाफ सगळीकडे पोचते. आपल्याकडे कुणी हे शिकवत नाही, बघून बघून येतं. इथे तेच कोडं झालंय, आणि मला ते फार आवडलं. मुलगा हळूहळू तमिळपासून तुटत जातो, तो भाग परदेशात मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबापांना तर थेट भिडेल. मागे वाजणारी गाणीही वेगवेगळ्या काळांतल्या तमिळ चित्रपटसंगीताच्या ढंगाची, मुद्दाम नवी रचलेली आहेत.

२०२४ चा पदार्पणातील गेमसाठीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार याला मिळाला. शेवट मात्र थोडा घाईत उरकलाय, कविनच्या तरुणपणाला आणखी एक प्रकरण हवं होतं.

मारामारीच हवी असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा 'राजी' हा गेम आहेच.