वादळाचा इशारा आला की शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला हलवायचं की घरीच ठेवायचं?

रात्रपाळी:
घरी जाऊन हॉस्पिस सेवा (बरं न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करणारी शुश्रूषा) देणाऱ्यांच्या आपत्ती आराखड्यात पुष्कळदा एवढंच लिहिलेलं असतं: इशारा मिळताच रुग्णाला सुरक्षित जागी हलवावे. याला माझा ठाम विरोध आहे. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर उचलताना बसलेल्या एका धक्क्यानेही हाड मोडू शकतं. निवारा केंद्रात बहुतेकदा जमिनीवर अंथरूण, आणि दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस नाही. घर पाण्याखाली जायचा किंवा पडायचा धोका नसेल तर रुग्ण घरीच राहावा. सात दिवसांची औषधं मात्र आधीच पोचलेली हवीत. तीव्र वेदनेवरचं मॉर्फिन १० मिग्रॅ दर चार तासांनी चालू असेल तर दिवसाला सहा गोळ्या, मध्येच उसळणाऱ्या वेदनेसाठी आणखी चार. आठवड्याच्या ७० झाल्या. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत रेचक हवंच.

प्राणवायू:
गोळ्यांचा हिशेब बरोबर, पण ऑक्सिजनवरच्या रुग्णाचं काय? मिनिटाला पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेवरचं यंत्र, साधारण ३५० वॅट खातं. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी असली तरी साडेतीन-चार तासांत बंद. ६८० लिटरचा छोटा सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने साडेपाच तास पुरतो, म्हणजे तीन दिवसांना १३ सिलिंडर. कुणाच्या घरात ठेवणार? या रुग्णांना वारा सुटायच्या आदल्या दिवशीच हलवायला हवं. रस्ता बंद झाल्यावर रुग्णवाहिका येत नाही.

रात्रपाळी:
आधी बघा, ऑक्सिजन खरंच लागतो का. रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ठीक असलेल्यांना दम लागतो तेव्हा चेहऱ्यावर धरलेला हातपंखा आणि कमी मात्रेतलं मॉर्फिन पुष्कळ काम करतं. ही तपासणी शांत दिवसांत उरकली तर हलवायची यादी आपोआप छोटी होते. ज्यांना खरंच लागतो त्यांच्याबाबतीत तुमचं म्हणणं मान्य.

औषधवही:
माझा आक्षेप त्या ७० गोळ्यांवर आहे. आपत्तीत घराची दारं उघडी, नातेवाईक-शेजारी गोळा झालेले, मुलं खोलीत. एवढं मॉर्फिन उघड्यावर म्हणजे चोरी आणि चुकून जास्त डोस, दोन्हींना आमंत्रण. तीन दिवसांचा साठा घरी, कुलपाच्या डब्यात, दर डोसला सही असलेल्या कागदासह. उरलेला साठा आपापला परिसर वाटून घेतलेल्या परिचारिकांकडे, तोही कायद्याच्या मर्यादेत.

रात्रपाळी:
परिचारिकाच पाण्यात अडकली तर? मॉर्फिन अचानक थांबलं की वेदना उसळतेच, शिवाय घाम, जुलाब, अस्वस्थता सुरू होते. कुलूप आणि सही मान्य. तीन दिवस नाही.

शय्याशेजारी:
तुम्ही दोघंही गोळ्या मोजताय. शेवटच्या दिवसांत रुग्णाला गिळताच येत नाही, हे कुणी धरलंच नाही. संथ सुटणारी गोळी कुटून दिली की बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं, आणि घाबरलेलं घर नेमकं हेच करतं. गिळणं कमी होताना दिसलं की त्वचेखालची बारीक सुई आधीच बसवून ठेवा, घरातल्या दोघांना इंजेक्शन द्यायला शिकवा, आणि मात्रा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. त्वचेखालची मात्रा तोंडावाटेच्या साधारण निम्मी असते. फोन बंद पडल्यावर हे गणित घरच्यांवर सोडू नका. वीज जाऊन हवेची गादी बसली तर खाली लागलीच घालायला जाड फोमची गादी असू द्या.

आणि हलवायचंच ठरलं तर कृत्रिम श्वास व छातीदाब नको असल्याचा सहीचा कागद रुग्णाच्या अंगावर, पाणी न शिरणाऱ्या पाकिटात हवा. तो कपाटात राहिला तर अनोळखी पथक त्यांच्या नियमाप्रमाणे छाती दाबायला सुरुवात करतं.

औषधवही:
सुईचा मुद्दा पटला. पण मग घरात इंजेक्शनच्या कुप्याही आल्या, म्हणून डब्याला दोन किल्ल्या हव्यात: एक घरी, एक परिचारिकेकडे.