समुपदेशकाची गरज नक्की कोणाला?

उंबरठा : “समजूतदार जोडप्याला समुपदेशकाची गरज नसते आणि असमंजस जोडप्याला त्याचा उपयोग नसतो,” हे ‘सडेतोड’ यांचे या चर्चेच्या धाग्यातले कालचे वाक्य टाळ्या घेणारे असले, तरी आम्ही दोघे त्या खुर्च्यांवर बसून आलो असल्यामुळे गप्प राहवत नाही. समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत मांडायचे आणि तो ‘हो, हेच’ म्हणाला तरच उत्तर द्यायचे, असा तिथे नियम होता. “मी उशिरा येतो याचा तुला राग येतो,” असे मी तीनदा निरनिराळ्या शब्दांत सांगितले आणि तीनदा तिने मान हलवून नकार दिला. तिचा राग उशिराचा नव्हता, न कळवण्याचा होता. अकरा वर्षांच्या समजूतदारपणाला एवढे उमगले नव्हते.

सडेतोड : आपले अभिनंदन. मी मात्र स्वतंत्र भेटीत विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुढच्याच बैठकीत पत्नीसमोर उघड झाली. त्यापेक्षा आमचे भांडण बरे होते.

तिसरी घंटा : काही समुपदेशक एकाचे गुपित दुसऱ्यापासून राखतात, तर काही ते राखणार नाही असे आधीच बजावतात. आपण पहिल्या दिवशी हे विचारले होते का?

सडेतोड : बुडणाऱ्याने आधी दोरीची जाडी विचारावी, असे आपले म्हणणे दिसते! सांगण्याची जबाबदारी त्यांची होती.

तिसरी घंटा : जबाबदारी त्यांचीच होती, हे मान्य. परंतु जोडीदाराची फसवणूक ठाऊक असूनही दोघांसमोर तटस्थ चेहऱ्याने बसणारा समुपदेशक मला तरी नको. फसवल्या गेलेल्या जोडीदाराच्या बाजूला मी स्वतः बसले आहे.

उंबरठा : गुपितांपलीकडेही काही आहे. जोडप्यांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात की, सुमारे 69 टक्के मतभेद कधीच पूर्णपणे मिटत नाहीत. नात्याला खरा धोका मतभेदापेक्षा तुच्छतेचा असतो.

सडेतोड : म्हणजे दोन तृतीयांश भांडणे शिल्लक ठेवण्यासाठी शुल्क भरायचे!

उंबरठा : ती भांडणे डोळे न फिरवता आणि टोमणे न मारता करता यावीत, यासाठी भरायचे.

काठावरची : जिथे मारहाण किंवा धाक आहे, तिथे मात्र कृपया एकत्र बैठकीचा सल्ला देऊ नका. तिथे खरे बोललेल्या प्रत्येक वाक्याचा हिशेब घरी चुकवावा लागतो. अशा वेळी आधी सुरक्षितता आणि स्वतंत्र मदत हवी.

सडेतोड : या धाग्यातले हे पहिले शहाणे वाक्य. ‘उंबरठा’ यांना उशीर कळवायला शिकवले, एवढे श्रेय मीही समुपदेशनाला देतो. माझे गुपित मात्र अजून चारचौघांतच आहे.