नवीन टीममध्ये गेल्यावर हॉकी प्लेयरचा कॉन्फिडन्स एवढा का जातो?

तापीकाठ:
मंडळी, लहान भाऊ हॉकी खेळतो, ड्रॅग फ्लिकर आहे (पेनल्टी कॉर्नरला बॉल स्टिकनी ओढून गोलकडे उचलणारा), इथे भुसावळलाच तयार झाला आणि यावर्षी बाहेरच्या एका टीमनी कॉन्ट्रॅक्टवर घेतला. इथे पेनल्टी कॉर्नर मिळाला की आम्ही आधीच टाळ्या वाजवायचो, आणि तिकडे बॉल एकतर गोलच्या वरून जातो नाहीतर पहिल्या रशरच्या, म्हणजे अडवायला समोरून धावत येणाऱ्याच्या, अंगावर. रात्री फोनवर आवाज पार पडलेला असतो. मनगट तेच, स्टिक तीच, मग बदलतं काय?

लेफ्टहाफ:
भो, कॉर्नर एकट्याचा नसतोच. इंजेक्टर ढकलणार, ट्रॅपर डीच्या (गोलसमोरच्या अर्धगोलाच्या) बाहेर थांबवणार, मग हा उचलणार. जुना ट्रॅपर बॉल कुठे ठेवणार हे त्याला डोळे मिटून माहीत होतं, नवीन ट्रॅपर चार बोटं मागेपुढे ठेवतो आणि तेवढ्यात पाऊल चुकतं. दोनतीनदा असं झालं की पोरगा बॉल सोडून बेंचकडे बघायला लागतो. मी स्वतः नवीन टीममध्ये पहिले दोन महिने बॉल मागायलाच घाबरायचो, तोंडातून आवाज निघायचा नाही, आणि हॉकीत जो मागत नाही त्याला कोण देणार? त्याला सांगा प्रॅक्टिस संपल्यावर ट्रॅपर आणि इंजेक्टरला थांबवून रोज जास्तीचे कॉर्नर मार.

बर्फावरची_हॉकी:
आइस हॉकीतलं, अमेरिका-कॅनडातल्या NHL लीगचं सांगतो. जोनाथन ह्युबर्डोनी 2021-22 ला फ्लोरिडा पँथर्सकडून 115 पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून) काढले, त्यातले 85 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास. 2022 ला ट्रेड (दोन टीमनी आपसात प्लेयर बदलणं) होऊन कॅल्गरीत गेला आणि पुढच्या सीझनला थेट 55. त्याच ट्रेडमध्ये उलट दिशेनी फ्लोरिडात गेलेला मॅथ्यू कचक मात्र 109 वर गेला न टीम लीगच्या किताबाच्या, स्टॅनली कपच्या फायनलला पोचली. म्हणजे नुसतं 'नवीन टीम' हे कारण पुरत नाही. माझं मत असं की ह्युबर्डोचा खेळच पासवर, समोरचा कुठे असेल हे ठाऊक असेल तरच तो चालतो. 2024-25 ला त्यानी 28 गोल मारले, पण मधे दोन वर्षं गेली.

रावेरची_ताई:
दोन वर्षं लागतातच असं नाही हो. बंगाल टायगर्सची टीम लिलावात जमवलेली, तरी 1 फेब्रुवारी 2025 ला राउरकेलात हॉकी इंडिया लीगची फायनल 4-3 नी जिंकली, जुगराज सिंगची हॅटट्रिक. पण त्यातले बरेच जण नॅशनल कॅम्पमुळे आधीपासून ओळखीचे, तुमच्या भावाला तिथे कोणीच ओळखीचं नाही. माझी मुलगी होस्टेलला होती तेव्हा मेसमध्ये एकटी जेवायची तोपर्यंत ग्राउंडवरही एकटीच खेळायची, हे मी बघितलंय. तो जेवतो कोणाबरोबर ते विचारा आधी.

तापीकाठ:
ताई, आत्ताच फोन केला. खोलीत एकटाच जेवतो म्हणे, ट्रॅपर पंजाबचा आहे आणि यानी अजून त्याच्याशी धड दोन वाक्यं बोलली नाहीत. आईनी कळण्याचं पीठ न ठेचा पाठवायचं ठरवलंय, दोघांना पुरेल एवढं. उद्या प्रॅक्टिसनंतर थांबशील का असं त्याला विचारतो म्हणालाय.