ई-रीडरवर ॲप चढलं, पण दिसत नाही – मदत हवी आहे

मंडळी, घरी एक जुना ई-रीडर आहे, आतून अँड्रॉइड ४.४. त्याच्या मूळ वाचन-ॲपमध्ये मराठी ईपब (ई-पुस्तकाची फाइल) उघडलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. म्हणून लॅपटॉपवरून एडीबीने (केबल जोडून अँड्रॉइड यंत्राला कमांड देण्याचं साधन) केओरीडर हे मोफत वाचन-ॲप टाकायचं ठरवलं.

एडीबीला लागणारं यूएसबी डीबगिंग सेटिंग चालू आहे, 'एडीबी डिव्हायसेस' दिल्यावर यंत्र दिसतं. ६४ बिटची एपीके (ॲपची इन्स्टॉल फाइल) नाकारली गेली. प्रोसेसर ३२ बिटचा एआरएम आहे, हे यंत्राची माहिती दाखवणाऱ्या 'गेटप्रॉप' कमांडने कळलं. मग तशी एपीके घेतली आणि 'सक्सेस' आलं.

आता खरी अडचण. मुखपृष्ठावर ॲपचं चिन्हच येत नाही, कंपनीचा लाँचर (मुखपृष्ठ दाखवणारं ॲप) फक्त स्वतःचीच ॲप्स दाखवतो. लॅपटॉपवर 'एडीबी शेल'मधून ॲप उघडणारी 'मंकी' कमांड दिली की केओरीडर व्यवस्थित उघडतं. पण वाचणार आहे आई. तिने दर वेळी केबल जोडून काळ्या खिडकीत कमांड टंकायची का?

ई-इंकवर (ई-रीडरच्या कागदासारख्या पडद्यावर) सुटसुटीत चालेल असा, ४.४ ला झेपणारा एखादा लाँचर कोणी वापरलाय का? रूट न करता (म्हणजे यंत्राचे पूर्ण अधिकार न उघडता) तो कायमचा 'होम' ठेवता येतो का? आणि नाहीच जमलं तर नवा लाँचर एडीबीने काढून मूळचा लाँचर परत मिळेल ना?