तेलाची पिशवी उलटून बघा

वर कुणीतरी लिहिलंय की दर रविवारी डिस्काउंटवाल्या सुपरमार्केटात गेलं की किराण्यात बरेच पैसे वाचतात. वाचतात की, पण नुसत्या पाट्या वाचून नाही. मागच्या आठवड्यात इथे सोलापुरातच तेलाच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी होत्या, एक १२० ची, एक १४० ची. जो तो १२० ची उचलत होता. मी उलटून बघितली तर आत ७५० ग्रॅम! दुसरीत ९१० ग्रॅम, म्हणजे पुरा लिटर. किलोचा हिशोब केला तर स्वस्त वाटणारी पडते १६० ला आणि महाग वाटणारी १५४ ला. हल्ली एमआरपीजवळ ग्रॅममागे किती पडतं तेही छापलेलं असतं, पण अक्षर मुंगीएवढं. चष्मा न्या.

साबण, चहा, साखर मी तिथूनच घेते. ज्वारी मात्र नाही. मंगळवेढ्याची मालदांडी वर्षाची एकदाच भरायची, ऊन देऊन ठेवायची. पाकिटातल्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते, आमच्या घरी कुणी खात नाही.

आणि हो, आमच्या ह्यांना मी आता बरोबर नेत नाही. यादीत दहा जिन्नस, ट्रॉलीत बिस्किटांचे सात पुडे.