मदत हवी आहे : हवा काढून बंद केलेली शेंगा चटणीची पाकिटे आठ दिवसांत बिघडली

विजापूरवेस
नमस्कार. गेल्या महिन्यात पिशवीतील हवा काढून ती बंद करणारे घरगुती यंत्र आणले. त्यात शेंगा चटणीची पाकिटे केली आणि ती आठ दिवसांत बिघडली. यंत्र परत करावे की पिशव्या बदलाव्यात, एवढेच कोणीतरी नेमके सांगावे. मुलगा बारा दिवसांनी जर्मनीला शिकायला निघतो आहे आणि त्याच्याबरोबर सहा महिने पुरेल एवढी चटणी व कडक भाकरी द्यायची आहे. विकत घ्या, हे उत्तर कृपया नको. आमच्याकडे विकतची चटणी कोणी तोंडात घालत नाही.

होटगीरस्ता
ताई, बिघडली म्हणजे नेमके काय झाले? पिशवी सैल पडली, फुग्यासारखी टम्म झाली, की नुसता खवट वास आला? तिन्हींची कारणे निरनिराळी आहेत. पिशव्या कोणत्या होत्या आणि पाकिटे कोठे ठेवली होती, हेही कळल्याशिवाय यंत्राला दोष देता येणार नाही.

कडकभाकरी
यंत्राच्या नादी लागूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या आजीने सारा जन्म चिनी मातीच्या बरणीत चटणी ठेवली. चटणी दाबून भरायची, वर बोटभर शेंगदाण्याचे तेल ओतायचे आणि तोंडाला दादरा बांधायचा. शिवाय चटणी उखळातच कुटावी. मिक्सरमध्ये तिचा लगदा होतो आणि तेल सुटण्याऐवजी गोळे बनतात.

विजापूरवेस
चटणी कशी कुटावी, हे मी विचारलेले नाही. पाव किलोची पाच पाकिटे केली होती. तीन सैल पडली, एक फुगले, एक अजून घट्ट आहे. यंत्राबरोबर आलेल्या पिशव्या संपल्यामुळे नव्या पेठेतून साध्या जाड पिशव्या आणल्या. पाकिटे स्वयंपाकघरातच होती, आणखी कोठे ठेवणार?

होटगीरस्ता
निम्मे उत्तर तुमच्या "साध्या" या शब्दातच आहे. आपल्या घरगुती यंत्रात पिशवीचे फक्त तोंड अडकवलेले असते. आतून खडबडीत नक्षी असलेल्या पिशवीतच हवेला बाहेर यायला वाट राहते. गुळगुळीत पिशवीचे दोन पदर एकमेकांना चिकटतात आणि हवा आत अडकते. तसेच साध्या पॉलिथिनमधून प्राणवायू हळूहळू आत झिरपत राहतो, म्हणून नायलॉनचा थर असलेली पिशवी घ्यावी.

दुसरे कारण तेल हे असावे. शेंगा चटणी भरताना पिशवीच्या काठाला तेलाचा हात लागतोच आणि तेलकट जागी चिकटवण नीट बसत नाही. भरण्यापूर्वी पिशवीचा काठ शर्टाच्या बाहीसारखा चार बोटे बाहेर दुमडावा, भरून झाल्यावर उलगडावा आणि आत चटणीच्या वर टिश्यू पेपरची घडी ठेवावी, म्हणजे भुकटी तोंडापर्यंत ओढली जाणार नाही. मी अर्ध्या बोटाच्या अंतराने दोनदा चिकटवतो. शेवटी पाकीट पाण्याखाली धरून हलके दाबावे. चिकटवण फुटकी असेल तर बुडबुडे येतात.

अन्नतंत्र
सैल पाकिटांबद्दल वरील प्रतिसाद बरोबर आहे, पण फुगलेल्या पाकिटाची गोष्ट अगदी वेगळी आहे. चांगल्या चिकटवलेल्या पाकिटात हवा बाहेरून येत नाही. आत वायू तयार झाला, याचा अर्थ आत काहीतरी वाढते आहे. ते पाकीट चव न घेता फेकून द्यावे. चटणीत लसूण कोणता होता आणि ती गरम असताना भरली का?

घरगुतीउद्योग
विक्रीसाठी करत असाल तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी घ्यावी लागेल आणि पाकिटावर घटकांची यादी छापावी लागेल. अर्ज ऑनलाइन भरता येतो.

विजापूरवेस
विक्री कोण करतो आहे? मुलाला द्यायची आहे. लसूण ताजा, सोललेला, नेहमीसारखा शेंगदाण्यांबरोबर कुटलेला. चटणी कोमट असतानाच भरली, कारण दुपारी वीज जाण्याची वेळ झाली होती.

मंगळवेढेकर
हवा काढून साठवण्याची कल्पना नवी नाही. आमच्या वाड्यात ज्वारीचे पेव होते. जमिनीत खोल खड्डा, कडेने कडब्याचे अस्तर आणि तोंड दगडाने व चिखलाने बंद. आतला प्राणवायू दाणे आणि किडे मिळून संपवत आणि मग किडेही मरत. पेव उघडल्यावर कोणी लगेच उतरत नसे, कारण आत साठलेल्या कर्बवायूने माणूस गुदमरू शकतो. आजोबा आधी दोरीला बांधून कंदील सोडत आणि तो विझला नाही तरच गडी खाली जाई. ज्वारी मात्र नीट वाळलेली असली पाहिजे, ओलसर दाणे बंद जागेत कुजतात.

अन्नतंत्र
ज्वारी कोणी विचारली नव्हती, पण शेवटचे वाक्य नेमके लागू पडते. हवा काढल्याने बुरशी आणि किडे अडतात. जिवाणू मरत नाहीत आणि काहींना तर हवा नसलेलीच जागा मानवते. ताजा लसूण ओला असतो. कोमट चटणीची वाफ पिशवीच्या आतल्या बाजूला दवासारखी जमते आणि तेवढ्या ओलाव्यावर वाढ सुरू होऊ शकते. उन्हाळ्यात आपली स्वयंपाकघरे किती तापतात, हे सांगायला नको. पुढच्या वेळी लसणाचे पातळ काप मंद आचेवर अगदी कुरकुरीत होईपर्यंत भाजावेत, शेंगदाणेही खमंग भाजावेत आणि सर्व घटक पूर्ण थंड झाल्यावरच कुटून भरावेत.

कडकभाकरी
भाजलेल्या लसणाला शेंगा चटणीची चव येत नाही. तेलाखाली लसूण सुरक्षित राहतो, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

अन्नतंत्र
आपल्या आजींचा मान राखून सांगते की ही समजूत धोक्याची आहे. तेलाचा थर हवा अडवतो, पण लसणातील ओलावा काढून घेत नाही. क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीतून लसणाबरोबर येतात, ते साध्या उकळण्यानेही नष्ट होत नाहीत आणि हवाबंद, ओल्या, आंबट नसलेल्या पदार्थात ते विष तयार करतात. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलात ठेवलेल्या लसणामुळे ३६ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला होता. अशा पदार्थाला वास किंवा चव बदललेली असेलच, असे नाही. आजींची चटणी टिकली, कारण ती बहुधा चांगली कोरडी होती आणि रोज वाढली जात होती.

कडकभाकरी
रोज वाढली जात होती, हे मात्र खरे. बरणी दोन आठवड्यांच्या पुढे कधी गेली नाही.

हुरडाप्रेमी
थोडे वेगळे विचारतो. जानेवारीत हुरडा अशाच पिशव्यांत भरून पावसाळ्यापर्यंत कपाटात ठेवता येईल का?

अन्नतंत्र
कपाटात मुळीच नाही. हुरडा म्हणजे कोवळा, ओला दाणा. तो फक्त फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवावा.

होटगीरस्ता
ताई, सहा महिन्यांची चटणी शंभर ग्रॅमच्या पाकिटांत द्यावी, म्हणजे एक उघडले तरी बाकीची बंद राहतात. घरगुती यंत्र सगळी हवा काढू शकत नाही, त्यामुळे शेंगदाण्याचे तेल उशिरा का होईना खवट होतेच. मुलाने पाकिटे अंधारात, जमल्यास फ्रीझरमध्ये ठेवावीत. कडक भाकरी यंत्रात घालू नये, ती पत्र्याच्या डब्यात द्यावी. आणि तूप देऊ नये. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत.

विजापूरवेस
उशिरा कळवते आहे. सैल पाकिटे पाण्यात धरली, तर तिन्हींच्या डाव्या कोपऱ्यातून बुडबुडे आले. तेथेच माझा तेलकट अंगठा लागत असे. घट्ट राहिलेले पाकीटही त्याच चटणीचे असल्याने टाकून दिले. नक्षीच्या पिशव्या आणल्या, लसूण भाजला, चटणी ताटात पसरून रात्रभर थंड केली. वीस पाकिटे झाली असून पाच दिवसांनंतरही सर्व विटेसारखी कडक आहेत. यंत्र परत करत नाही. भाकरीबद्दलचा प्रतिसाद वाचण्याआधी एक पाकीट यंत्रात घातले होते. त्याचा भुगा झाला आणि मुलाने तो काल रात्री आमटीत कालवून संपवला.