मत देता येत नाही, पण जीव तिथेच

"बाहेर गेलेल्यांनी इथल्या राजकारणावर बोलू नये" हे मत मला पटलं नाही. मी नऊ वर्षं टोरांटोत आहे, पासपोर्ट अजून भारताचाच. मतदारयादीत अनिवासी म्हणून नाव घालता येतं, पण मत द्यायला माझ्या गावी, इंदूरच्या केंद्रावर स्वतः हजर व्हावं लागतं. दर वेळी कसं जमणार?

लक्ष मात्र घरीच असतं. माझी रात्र, तिकडे सकाळ. आईला व्हिडिओ कॉल लावावा तर ती दुधाची रिकामी पिशवी विसळत असते, सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला. कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की फोन ओट्यावर ठेवून धावते. २०१७ ते २०२३ सलग सात वेळा इंदूर देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिलं आलं ते अशा हातांमुळे. मला त्याचा फार अभिमान आहे.

म्हणूनच २०२४ ची लोकसभा अजून सलते. काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला, आणि 'नोटा'ला, म्हणजे 'यांपैकी कोणीही नको' या पर्यायाला, २ लाख १८ हजारांवर मतं पडली. भाजपच्या सुमित्राताई महाजनांना आठ वेळा खासदार म्हणून निवडून देणारं हे शहर. पण तेव्हा समोर कोणीतरी लढत तरी असायचं. त्या दिवशी आई केंद्रावरून लगेच परतली. म्हणाली, "निवडायला ठेवलंय काय रे?"